तोलाचा व्यायाम: क्लासला जायचं की घरीच करायचं?

मागच्या अंकात मी सहज एक वाक्य लिहून गेले होते, की पासष्टीनंतर पडणं टाळायचं असेल तर तोलाचा म्हणजे बॅलन्सचा व्यायाम औषधासारखा नेमाने घ्या. त्यावर एवढे मेसेज आले की वाचता वाचता दोन रात्री गेल्या. आणि गंमत म्हणजे कुठला व्यायाम हे फार थोड्यांनी विचारलंय, बहुतेक घरांत भांडण आहे ते क्लासला जायचं का घरीच करायचं यावरून. म्हणून या वेळी सगळे प्रश्न त्याच विषयाचे घेतलेत. नावं अर्थातच देत नाहीये.

प्रश्न: माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. वर्षभरात दोनदा पडल्या, दुसऱ्यांदा मनगटाचं हाड मोडलं. डॉक्टरांनी ज्येष्ठांच्या व्यायामाच्या ग्रुपला जायला सांगितलंय पण त्या म्हणतात चार लोकांसमोर हातपाय हलवायची लाज वाटते, मी घरीच करेन. आमचे हे म्हणतात घरी केलं काय नि तिकडे केलं काय, सारखंच. खरंच सारखं असतं का हो?

तुमच्या ह्यांचं म्हणणं कागदावर बरोबर आहे. कॉक्रेन नावाची संस्था आहे, ती जगभरात झालेल्या चाचण्या एकत्र करून बघते की एखाद्या उपायाचा खरंच उपयोग होतो का. त्यांच्या २०१२ च्या आढाव्यात ग्रुपमधल्या व्यायामाने पडण्याचं प्रमाण २९ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं आणि घरी केलेल्या व्यायामाने ३२ टक्क्यांनी, म्हणजे फरक नाही म्हटलं तरी चालेल. २०१९ मध्ये त्यांनी परत हिशोब मांडला, या वेळी नुसत्या व्यायामाच्याच १०८ चाचण्या, २५ देश, २३ हजारांवर माणसं, तरी उत्तर तेच आलं. व्यायामाने पडणं साधारण २३ टक्क्यांनी घटतं आणि तो ग्रुपमध्ये केला का एकट्याने याने फारसं काही बदलत नाही.

पण गोम आहे ती 'घरी' या शब्दात. आपण घरी म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर काय असतं, तर कुणीतरी दिलेला एक कागद, त्यावर काड्यांच्या माणसांची चित्रं, तो कागद कपाटाच्या दाराला चिकटवलेला आणि आठवलं तेव्हा दहा मिनिटं हातपाय हलवले. चाचण्यांमधलं घरी वेगळं असतं. यातला सगळ्यात नावाजलेला कार्यक्रम म्हणजे ओटॅगो, न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात तिथल्या विद्यापीठाच्या लोकांनी तयार केलेला. १९९७ मध्ये त्याचा पहिला रिझल्ट छापून आला तो ८० आणि त्यापुढच्या २३३ बायकांवरचा होता. त्यात फिजिओ घरी यायची, चारपाच वेळा, प्रत्येक वेळी बघायची की आता हे सोपं झालंय का, झालं असेल तर घोट्याला बांधायच्या वजनाच्या पट्टीत वजन वाढवायची, आधार कमी करायला लावायची, मधे फोन करायची. आठवड्यातून तीनदा अर्धा तास व्यायाम आणि शिवाय चालणं. अशा चार चाचण्या एकत्र केल्या तेव्हा पडणं ३५ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. हे असं 'घरी' तुमच्या सासूबाईंना मिळणार असेल तर मी डोळे मिटून हो म्हणेन.

आता उलटी बाजू. इंग्लंडमध्ये प्रोअ‍ॅक्ट सिक्स्टीफाइव्ह प्लस नावाची चाचणी झाली, पासष्टीपुढचे १,२५६ लोक, त्यात एका गटाला फेम नावाचा ग्रुप-क्लास, एका गटाला तोच ओटॅगो घरी करायला, आणि तिसऱ्याला काहीच वेगळं नाही. २४ आठवडे हे चाललं. संपल्यावर पुढचं वर्षभर बघितलं तर क्लासवाल्यांचं पडणं साधारण चौथ्या हिश्श्याने कमी झालेलं, आणि ते रोज पंधरा मिनिटं जास्त हालचाल करत होते. घरवाल्यांमध्ये तसा ठळक फरक दिसला नाही. आता यात एक बारीक गोष्ट आहे जी बातमीत कधी येत नाही, इथे ओटॅगो शिकवायला फिजिओ नव्हती, त्यांच्याच वयाचे, ट्रेनिंग दिलेले स्वयंसेवक होते. म्हणजे व्यायाम तोच, घर तेच, मागे लागणारी नजर बदलली. आणि २०१९ च्या कॉक्रेनमध्येही हेच दिसतं की शिकवणारी व्यक्ती आरोग्यक्षेत्रातली असेल तर फायदा जास्त होतो.

माझं मत विचाराल तर भांडण जागेचं नाहीच, बघणारं कुणी आहे का आणि व्यायाम दर काही दिवसांनी अवघड होतोय का याचं आहे. माझ्या स्वतःच्या आईचं सांगते. मी फिजिओ, मुलगी घरातली, तरी ती तीन महिने ओट्याला दोन्ही हातांनी घट्ट धरून टाचा उचलत होती आणि मला फोनवर सांगायची रोज करते गं. करत होतीच की! पण दोन्ही हात ओट्यावर असतील तर तोल हात सांभाळतात, पायांना शिकायचं काही कारणच उरत नाही. मी जाऊन बघेपर्यंत ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

सासूबाईंसाठी मी असं करेन. एका वर्षात दोनदा पडणं आणि हाड मोडणं ही साधी गोष्ट नाही, म्हणून व्यायाम ठरवायच्या आधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: झोपून उठून उभं राहिल्यावर बीपी पडतंय का, झोपेची किंवा मन शांत करायची एखादी गोळी चालू आहे का (या गोळ्या आणि पडणं यांचं नातं फार जुनं आणि पक्कं आहे, पण म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका, त्या हळूहळूच कमी कराव्या लागतात), आणि हाडांची घनता तपासायची का, कारण उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडलं म्हणजे हाडं ठिसूळ असू शकतात. मग एखाद्या फिजिओला महिना-दीड महिना घरी बोलवा. आणि एक दिवस त्यांना ग्रुपला नुसतं बघायला न्या, करायचं काही नाही, खुर्चीवर बसून बघायचं. समोर सगळे आपल्यासारखेच डुगडुगताना दिसले की लाजेचं बरंचसं ओझं तिथेच उतरतं असा माझा अनुभव आहे. नाही उतरलं तर राहू दे, घरी चालू ठेवा.

प्रश्न: वय ७१. गेली वीस वर्षं रोज सकाळी पाच किलोमीटर भरभर चालतो. शुगर नाही, बीपी नाही. मुलगी म्हणते बाबा बॅलन्सच्या क्लासला जा. मी तर म्हणतो चालणारा माणूस कशाला पडेल?

काका, तुमच्या चालण्याला नमस्कार, ते सोडू नका, हृदयासाठी उत्तम आहे. पण पडण्यापासून वाचवण्याच्या बाबतीत नुसत्या चालण्याचा रेकॉर्ड काही खास नाही हो. ज्या चाचण्यांमध्ये फक्त चालणं होतं तिथे पडणं कमी झाल्याचं धड दिसत नाही, उलट ज्यांचा तोल आधीच कच्चा आहे अशांना भरभर चालायला सांगितलं तर ते जास्त पडल्याचंही दिसलंय, अडखळायच्या संधीच वाढतात ना.

कारण असं बघा. चालणं तुमच्या शरीराला पाठ झालंय. सरळ रस्ता, सरळ पाऊल, ठरलेला वेग. पडताना असं काही नसतं. पाय अडकतो, कुणी बाजूने धक्का देतं, मान वळवून मागे बघायला जाता आणि पाय पुढे. त्या क्षणी अर्ध्या सेकंदात पाय बाजूला किंवा मागे टाकता आला पाहिजे, आणि तेवढ्याच वेळात घोट्याने आणि खुब्याच्या बाजूच्या स्नायूंनी शरीर धरलं पाहिजे. हे स्नायू सरळ चालण्याने जेमतेम कामाला लागतात. मेंदू तोल सांभाळायला डोळे, आतला कान आणि तळपाय-घोट्यातली जाणीव अशा तीन ठिकाणांहून खबर घेतो, वय वाढतं तशी तिन्हीकडची खबर उशिरा आणि अर्धवट यायला लागते, आणि चालून चालून ती सुधारत नाही. तिला मुद्दाम अडचणीत टाकावं लागतं.

विश्वास बसत नसेल तर आज घरीच बघा, ओट्याजवळ किंवा दोन भिंतींच्या कोपऱ्यात उभं राहून, शेजारी मुलीला उभं करून. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावून एका रेषेत उभे राहा, हात न धरता, दहा सेकंद. दहा सेकंद जमलं नाही तर पडायचा धोका वाढलाय असं धरतात. दुसरी टेस्ट, साधी खुर्ची, हात छातीवर घडी घालून, तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजा. तुमच्या वयाच्या पुरुषाचे १२ पेक्षा कमी झाले तर पाय कच्चे. दोन्ही टेस्ट मस्त जमल्या तर तुम्हाला क्लासची घाई नाही, घरी आठवड्यातून तीनदा तोलाचं थोडं काम चालण्याला जोडा. जमलं नाही तर मुलीचं ऐका.

प्रश्न: बाबांना (७७) फिजिओने घरी करायचे नऊ व्यायाम दिले. पहिले तीन आठवडे वहीत टिकमार्क करून केले, मग एक दिवस सर्दी झाली आणि तेव्हापासून बंद. क्लासला यायला ते तयार नाहीत, म्हणतात तिथे सगळे म्हातारे असतात. मागे लागलं की चिडतात. काय करू?

'तिथे सगळे म्हातारे असतात' हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते आणि म्हणणारं कुणी पंच्याहत्तरीच्या खालचं नसतं. 😄

तीन आठवड्यांनी बंद पडणं अगदी नॉर्मल आहे, बाबांना आळशी म्हणू नका. घरच्या व्यायामाचं खरं दुखणंच हे आहे की तो बंद पडला तर कुणाला कळतही नाही. क्लासमध्ये दोन वेळा गेलं नाही की कुणाचा तरी फोन येतो, काय हो काका, तब्येत बरी ना? या फोनची ताकद मी तरी कुठल्याही टिकमार्कच्या वहीत बघितलेली नाही.

पण बाबांना जायचंच नाहीये, तर मग नऊ व्यायामांची यादी फेकून द्या आणि दुसरा रस्ता धरा. ऑस्ट्रेलियात सिडनीला लिंडी क्लेमसन यांनी लाइफ नावाची पद्धत काढली, २०१२ मध्ये तिचा रिझल्ट आला. सत्तरीपुढचे ३१७ लोक, सगळे आधी पडलेले. त्यांतल्या एका गटाला वेगळा व्यायाम असा दिलाच नाही, रोजच्या कामातच तो पेरला. दात घासताना पाय जुळवून उभं राहायचं, मग काही दिवसांनी एक पाय पुढे, मग एका पायावर. खालच्या खणातलं काही काढायचं तर कमरेतून न वाकता गुडघे वाकवून काढायचं. वस्तू मुद्दाम थोडी लांब ठेवायची म्हणजे हात लांबवून तोल सांभाळावा लागतो. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना टाचेला पंजा लावत जायचं, कधी बाजूने, कधी चवड्यांवर. तर या गटाचं पडणं ३१ टक्क्यांनी कमी झालं, आणि मला जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे वर्षभराने बघितलं तेव्हा वेगळा वेळ काढून ठरावीक व्यायाम करणाऱ्यांपेक्षा हे लोक जास्त टिकून होते. सर्दी झाली म्हणून दात घासायचं कोण सोडतं?

पण हे वाटतं तेवढं सोपंही नाहीये बरं का. कामात व्यायाम पेरायचा म्हणजे बाबांचा दिवस कसा जातो हे कुणीतरी नीट बघायला हवं, आणि मग दोनच सवयींपासून सुरुवात. दोन. मला माहितीये तुम्ही उत्साहाने एका रविवारी आठ ठिकाणी चिठ्ठ्या चिकटवाल आणि पुढच्या रविवारी बाबा त्या सगळ्या काढून टाकतील. दात घासणं आणि खुर्चीतून उठणं, एवढंच घ्या पहिला महिना. खुर्चीतून उठताना हाताचा आधार नाही, आणि बसताना धपकन टेकायचं नाही, मनात पाच मोजत हळू बसायचं. दिवसभरात माणूस वीसपंचवीस वेळा तरी उठतो-बसतो, तेवढी उठबस फुकटात झाली की. हे जमलं की पुढचं. बाथरूममध्ये मात्र एका पायाचे प्रयोग नकोत, ओली फरशी असते, दात घासणं कोरड्या जागेच्या बेसिनशीच होऊ दे आणि बेसिनची कड हाताशी असू दे.

आणि मागे लागू नका, सोबत करा. तुम्ही पण त्याच वेळी एका पायावर उभं राहून बघा, बहुतेक तुम्हीच आधी डुगडुगाल, बाबांना बरं वाटेल.

प्रश्न: मी ६८ वर्षांची, सहा महिने ज्येष्ठांच्या व्यायाम ग्रुपला जाते. मजा येते, मैत्रिणी झाल्या. पण तासभर सगळं खुर्चीवर बसूनच असतं, हात वर, मान फिरवा, पाय लांब करा, शेवटी टाळ्या. यानेही तोल सुधारतो का?

नाही हो ताई. सांधे मोकळे होतात, मन प्रसन्न होतं, पण तोल सुधारायला तोल थोडा जावा लागतो. बसून तो कसा जाणार? खुर्चीवरचा व्यायाम ज्यांना उभंच राहता येत नाही त्यांच्यासाठी किंवा वॉर्म-अपसाठी ठीक.

क्लास कामाचा आहे का हे ओळखायची माझी पद्धत सांगते. निम्म्याहून जास्त वेळ उभं राहून काम हवं. पाय जवळजवळ आणायला लावतात का, हातांचा आधार हळूहळू काढायला लावतात का, एका पायावरून दुसऱ्यावर वजन टाकायला, वळायला, बाजूला-मागे पावलं टाकायला लावतात का. पायांच्या ताकदीचं काही आहे का. आणि तिसऱ्या महिन्यातला व्यायाम पहिल्या महिन्यातल्यापेक्षा अवघड आहे का, हे तर नक्की बघा, कारण सहा महिने तेच ते चालू असेल तर तो मैत्रिणींना भेटायचा कार्यक्रम आहे, वाईट नाही, पण आपण बोलतोय ते हे नाही. डोसही पुरेसा हवा. तोलाला खरोखर कस लावणारा व्यायाम आठवड्याला तीन तासांहून जास्त झाला तिथे पडणं ३९ टक्क्यांपर्यंत घटल्याचं दिसलंय. आठवड्याला एक तासाच्या क्लासने ते गणित जमत नाही, उरलेलं घरी करावंच लागतं. वर जो फेम सांगितला त्यातही आठवड्यातून एक क्लास आणि दोनदा अर्धा-अर्धा तास घरी, अशीच वाटणी आहे.

ताई-ची हा संथ हालचालींचा चिनी व्यायामप्रकार शिकवणारं कुणी जवळ असेल तर तेही बघा. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये सत्तरीपुढच्या ६७० लोकांवर चाचणी झाली, तोलासाठी मुद्दाम बेतलेलं ताई-ची आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे, आणि नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचं पडणं ५८ टक्क्यांनी कमी. त्यात संथपणे सतत वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर जात असतं, दिसायला नाजूक आणि करायला भलतंच अवघड.

मैत्रिणी सोडू नका पण. ग्रुपमध्ये एक गोष्ट आपोआप होते जी घरी मुद्दाम करावी लागते, ती म्हणजे गप्पा मारत मारत हालचाल करणं. स्वीडनमध्ये १९९७ मध्ये संशोधकांच्या लक्षात आलं की चालता चालता कुणी बोलायला लागलं की जी वयस्क माणसं थांबून मग उत्तर देतात, ती पुढे जास्त पडतात. म्हणजे मेंदूला तोल आणि बोलणं दोन्ही एकदम झेपत नाही. तर ग्रुपमध्ये शिकवणाऱ्यांना सांगा, आम्हाला उभं करा, आणि बोलू पण द्या.

प्रश्न: आई ८२ वर्षांची आहे. चार महिन्यांपूर्वी घरात पडली, काही मोडलं नाही, पण दोन तास जमिनीवर पडून होती कारण घरी कुणी नव्हतं. तेव्हापासून इतकी घाबरलीये की बाथरूमला पण हात धरून न्यावं लागतं. तिला ग्रुपला पाठवलं तर धीर येईल असं सगळे म्हणतात.

सगळे चांगल्या मनाने म्हणतायत, पण मी आत्ता लगेच पाठवणार नाही. ज्या बाईला स्वतःच्या घरात बाथरूमपर्यंत जायची भीती वाटते तिला अनोळखी हॉलमध्ये वीस माणसांत उभं केलं तर ती खुर्ची सोडणारच नाही, आणि शिकवणाऱ्याची नजर एकट्या तिच्यावर राहणार नाही. अशांसाठी घरचा रस्ता आधी. वर सांगितलंच की ओटॅगो पहिल्यांदा ऐंशीपुढच्या बायकांवरच तपासला गेला, तो याच वयाला चांगला लागू पडतो. ती जिथे पडली, जिथे तिला भीती वाटते, तिथेच व्यायाम होतो.

भीतीचं एक वाईट असतं, ती खरी ठरते. पडायची भीती वाटते म्हणून माणूस हलत नाही, हलत नाही म्हणून पाय बारीक होतात, आणि मग खरंच पडतो. तुम्ही हात धरून नेता ते प्रेमाने, पण रोज थोडा कमी धरा. आधी हात, मग नुसतं कोपराला बोट, मग शेजारून चालणं. आपल्याला वाटतं आपण आधार देतोय, प्रत्यक्षात आपल्या हाताच्या ओढीने तिचा तोल कधी कधी जास्त जातो, त्यापेक्षा तिने आपला हात धरलेला बरा.

आणि ते दोन तास. मला वाटतं तिला पडण्यापेक्षा त्या दोन तासांची धास्ती जास्त आहे. म्हणून तिला जमिनीवरून उठायला शिकवा, फिजिओकडून, गादीवर सराव करत. आधी कुशीवर वळायचं, कोपरावर जोर देऊन अर्धं उठायचं, मग हात आणि गुडघ्यांवर यायचं, तसंच रांगत जवळच्या भक्कम खुर्चीपर्यंत जायचं, दोन्ही हात खुर्चीवर, जो पाय जास्त ताकदीचा तो पुढे टेकवून उठायचं आणि वळून खुर्चीत बसायचं. दमली तर मधे कुठेही थांबायला हरकत नाही. गुडघे टेकवता येत नसतील तर बसल्या बसल्या मागे सरकत पलंगापर्यंत जाता येतं. फक्त एक, पडल्यावर खुब्यात किंवा मांडीत जोरात दुखत असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल तर उठायचं नाही, उठवायचंही नाही, पांघरूण घालून मदत बोलवायची. आणि मोबाइल गळ्यात किंवा खिशात, टेबलावर नाही. टेबलावरचा फोन जमिनीवरच्या माणसाच्या काय कामाचा?

एकदा ती स्वतःहून उठायला शिकली की तिचा चेहरा बघा. मग तीनचार महिन्यांनी ग्रुपचं विचारा तिला.

प्रश्न: मोबाइलवर बघून घरी केलं तर क्लासची गरज आहे का?

चालतं, पण कुठलाही व्हिडिओ नाही. ऑस्ट्रेलियात स्टँडिंगटॉल नावाचा टॅबवरून करायचा कार्यक्रम आहे, तो सत्तरीपुढच्या ५०३ लोकांवर दोन वर्षं तपासला आणि पडणं १६ टक्क्यांनी कमी झालं. पण तो तुमची पातळी बघून अवघड होत जातो आणि लोक आठवड्याला दोन तासांचं लक्ष्य ठेवून तो घरी करायचे. आपल्याकडे फॉरवर्ड होणाऱ्या व्हिडिओतला तरुण मुलगा एका पायावर उभा राहून डोळे मिटतो ते बघून तुम्ही तसं करू नका. आधी एकदा कुणाला तरी प्रत्यक्ष दाखवा, मग मोबाइल. आणि स्क्रीनकडे बघायला मान वळवावी लागणार नाही असा तो समोर ठेवा, मी एका आजोबांना व्हिडिओ बघतानाच तोल जाऊन पलंगावर बसलेलं पाहिलंय, नशीब पलंग होता.

प्रश्न: तुम्ही पडणं कमी होतं म्हणता, पण हाड मोडायचं थांबतं का? आणि किती महिने करायचं हे? माझं वय ७०, स्पष्ट सांगा.

स्पष्ट सांगते. हाडांच्या बाबतीत आकडे तितके पक्के नाहीत. २०१९ च्या कॉक्रेनमध्ये पडून होणारी फ्रॅक्चर्स कमी होत असावीत असा कल होता, पण पुरावा कच्चा होता. मग २०२० मध्ये इंग्लंडमधल्या प्रीफिट नावाच्या मोठ्या चाचणीत, सत्तरीपुढच्या ९,८०३ लोकांमध्ये, ज्यांना धोका जास्त होता त्यांना घरचा व्यायाम दिला, तरी पोस्टाने नुसतं सल्ल्याचं पत्रक मिळालेल्यांच्या तुलनेत फ्रॅक्चर्स काही कमी झाली नाहीत. म्हणून हाडं ठिसूळ असतील तर त्यांचं औषध वेगळं घ्यायचं, व्यायामावर सोडून द्यायचं नाही. व्यायाम पडणं कमी करतो, तुम्हाला उठता-चालता ठेवतो, माझ्या मते तेवढं पुष्कळ आहे.

किती महिने? २०२२ च्या जागतिक मार्गदर्शक सूचना सांगतात आठवड्यातून तीन किंवा जास्त वेळा, हळूहळू अवघड करत, निदान १२ आठवडे, आणि त्यानंतरही चालूच. पहिले १२ आठवडे ग्रुपमध्ये किंवा फिजिओच्या नजरेखाली काढा, पुढचं घरी, आणि दर तीन महिन्यांनी एकदा कुणाला तरी दाखवून या की अजून दोन्ही हातांनी ओटा धरताय का.